‘प्राचीन नमुन्यांवरून’ : औंधकर पंतप्रतिनिधींची चित्रकला आणि महाभारताची संशोधित आवृत्ति

पाटण खोऱ्यांत ‘पंतप्रतिनिधि’ हा शब्द उच्चारला कीं जुन्या मंडळींस प्रथम वासोटा आठवतो. बापू गोखल्यांशीं झालेल्या झुंजींत हात गमावलेले थोटे पंत, 1807 च्या सुमारास त्यांच्यासाठीं तो दुर्गम किल्ला कित्येक महिने लढविणारी ताई तेलीण, आणि कोयनेच्या काठाकाठानें खालीं उतरलें म्हणजे कऱ्हाडास लागणारा पंतांचा कोट, एवढ्यांत या घराण्याची ओळख आटोपते. कागदपत्रें जमविणाऱ्यांसही प्रतिनिधींचें दप्तर हवें असतें तें सनदा, इनामें व वतनांचे निवाडे यांकरितां. परंतु याच घराण्यांतील एका पुरुषाचें नांव राजकारणाशीं यत्किंचित् संबंध नसलेल्या एका ठिकाणीं छापलेलें आहे, आणि ज्या ग्रंथावर तें आहे तो आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं केव्हां ना केव्हां हाताळलेला असेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें प्रसिद्ध केलेल्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीच्या शीर्षपृष्ठावर संपादक विष्णु सीताराम सुखटणकर व त्यांचे सहकारी यांच्या नांवांमागून असें म्हटलेलें आढळतें कीं, हा ग्रंथ औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि, बी. ए., यांनीं प्राचीन नमुन्यांवरून सचित्र केला आहे.

पाठभेदांच्या अरण्यांत शिरण्याची घाई असलेला अभ्यासक या शब्दांवरून पुढें जातो. ज्यानें द्रव्य दिलें त्याचा हा गौरव, एवढाच अर्थ तो मनांत घेतो. आम्ही मात्र ‘प्राचीन नमुन्यांवरून’ या दोन शब्दांशीं थांबणार आहों. त्या दोन शब्दांत एका चित्रकाराची सबंध कलाविषयक भूमिका सांठविलेली आहे, इतकेंच नव्हे, तर पोथ्यांच्या संशोधकांनीं ज्या प्रश्नाकडे आजवर पाठ फिरविली तो प्रश्नही त्यांत आहे. प्रश्न असा : संहितेंतील प्रक्षेप जसे हस्तलिखितांच्या साक्षीनें वेगळे काढतां येतात, तसे चित्रांतील प्रक्षेप काढतां येतील काय? आणि आले तर त्यांसाठीं साक्षीदार कोण?

बाळासाहेबांचें चरित्र येथें विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं. भवानराव श्रीनिवासराव हें त्यांचें नांव. जन्म 24 ऑक्टोबर 1868 चा. पुण्यास पदवीपर्यंत शिक्षण घेऊन ते 1909 सालीं औंधच्या गादीवर आले आणि 1948 सालीं संस्थान विलीन होईपर्यंत अधिपति राहिले. 1951 च्या एप्रिलमध्यें ते निवर्तले. सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून त्यांचें नांव परदेशांतही गेलें. लक्ष्मणराव किर्लोस्करांस कुंडलच्या माळावर जागा देऊन 1910 सालीं जी किर्लोस्करवाडी वसली ती त्यांच्याच आश्रयानें. 1935 सालीं इंदूरच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि 1939 सालीं गांधीजींच्या सल्ल्यानें त्यांनीं आपली राजसत्ता आपण होऊन प्रजेच्या हवालीं केली. हें सर्व सुप्रसिद्ध आहे, आणि सुप्रसिद्ध असल्यामुळेंच त्यानें त्यांच्या चित्रकलेवर पडदा टाकला आहे. ‘चित्रकार राजा’ असें त्यांना प्रेमानें म्हणतात खरे. पण या समासांत चित्रकार हें विशेषण आहे व राजा हें विशेष्य, त्यामुळें चित्रांची परीक्षा करण्याचे श्रम कोणी घेत नाहीं. जे स्तुति करतात ते आश्रयदात्याची करतात, आणि जे नाकें मुरडतात ते हौशी संस्थानिकास हसतात. दोन्ही पक्षांनीं चित्रें पाहिलेलीं असतातच असें नाहीं.

परीक्षेचा आरंभ 1916 सालीं मुंबईस छापून निघालेल्या त्यांच्या चित्ररामायणापासून करावा लागतो. रामकथेंतील प्रसंगांचीं रंगीत चित्रें व त्यांसोबत कथाभाग अशी त्या ग्रंथाची रचना आहे. तें चाळतांना दोन पूर्वसूरि ताबडतोब ओळखूं येतात. पहिले राजा रविवर्मा. 1894 सालीं मुंबईस निघालेल्या त्यांच्या छापखान्यानें देवादिकांना घरोघर नेलें, आणि 1878 सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या चित्रशाळेनें त्याआधींच महाराष्ट्रांतील भिंती व्यापिल्या होत्या. बाळासाहेब ज्या पिढींत वाढले तिच्या डोळ्यांपुढें लक्ष्मी म्हटली कीं रविवर्म्याची लक्ष्मी येई. दुसरा पूर्वसूरि म्हणजे मराठी रंगभूमि. चित्रांतील पात्रें अनेक वेळां प्रेक्षकांकडे अर्धवट तोंड करून उभीं असतात. शोक करणारा हात कपाळीं नेतो, क्रुद्ध झालेला तर्जनी उगारतो. हे अभिनय अण्णासाहेब किर्लोस्करांच्या पुढल्या नाटकमंडळ्यांत रुळलेले आहेत. यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. नृत्य जाणल्याविना चित्राचें मर्म कळत नाहीं असें विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत मार्कंडेयानें वज्राला सांगितलेंच आहे. बाळासाहेबांच्या काळीं दरबारी चित्रकारास उपलब्ध असलेलें ‘नृत्त’ म्हणजे नाटक होतें, तें त्यांनीं घेतलें. शिवाय ते स्वतः कीर्तनकार होते. कीर्तनकाराला पूर्वरंगांतील एक सिद्धान्त उत्तररंगांतील एका आख्यानानें श्रोत्यांच्या गळीं उतरवावयाचा असतो, त्यामुळें प्रसंग निवडतांना तो कथेंतील वळण पाहतो, निसर्गशोभा पाहत नाहीं. चित्ररामायणाची प्रसंगनिवड कीर्तनकाराची आहे असें आमचें मत आहे.

परंतु रविवर्म्यापासून बाळासाहेब एका ठिकाणीं स्पष्टपणें वेगळे होतात, आणि तेंच आमच्या विषयाचें बीज आहे. रविवर्म्याच्या पौराणिक नायिका बहुधा नऊवारी लुगडें नेसतात. हा पेहराव त्या थोर चित्रकारानें विचारपूर्वक निवडला होता. हिंदुस्थानांतील सर्व प्रांतांस मान्य होईल असें पौराणिक वस्त्र त्याला हवें होतें. पण निवड कितीही विचारपूर्वक असली तरी ती एकोणिसाव्या शतकाची आहे. ग्रंथशोधनाच्या भाषेंत बोलावयाचें तर हा अर्वाचीन लेखनिकानें सुबोध म्हणून घातलेला पाठ होय. पांडवप्रताप, हरिविजय यांच्या जुन्या सचित्र शिळाछापी प्रती ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांना हा प्रकार परिचित आहे. तेथें पांडवांना मराठेशाहींतील अंगरखा चढतो आणि द्रौपदीच्या नाकांत नथ येते. जुना चित्रकार हें निर्मळ मनानें करी, कारण भूतकाळ हा वर्तमानासारखाच असणार याविषयीं त्याला शंका नव्हती. शिकलेल्या चित्रकाराला ती शंका आली, आणि बाळासाहेबांना ती फार तीव्रतेनें आली. रामाच्या अंगावर काय वस्त्र होतें, हा प्रश्न त्यांनीं लेण्यांना विचारला. वेरूळवर 1929 सालीं व अजिंठ्यावर 1932 सालीं त्यांनीं जीं पुस्तकें लिहिलीं तीं प्रवाशांस वाट दाखविण्यासाठीं आहेत खरीं, परंतु त्यांतील दृष्टि साक्षीपुरावे गोळा करणाऱ्याची आहे.

आतां 1918 सालाकडे वळूं. त्या वर्षीं जुलै महिन्यांत, संशोधन मंदिर स्थापन होऊन पुरतें वर्ष होत आहे तोंच, बाळासाहेबांनीं महाभारताची चिकित्सित व सचित्र आवृत्ति काढण्याची विनंति संस्थेस केली, आणि वार्षिक हप्त्यांनीं मिळून एक लक्ष रुपये देऊं केले. ‘चिकित्सित’ आणि ‘सचित्र’ हीं दोन विशेषणें एका दमांत आलेलीं आहेत याकडे आम्ही लक्ष वेधितों. अशा आवृत्तीची मागणी पंडितांच्या जगांत नवी नव्हती. विंटरनिट्झ यांनीं 1897 च्या पॅरिस येथील प्राच्यविद्या परिषदेंत ती मांडली होती. परंतु युरोपीय पंडितांच्या योजनेंत चित्रांना जागा नव्हती. ती औंधच्या दरबारानें आणली. 1 एप्रिल 1919 रोजीं रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्तें कार्यारंभ झाला, 1923 सालीं उत्गीकरांनीं विराटपर्वाची प्रायोगिक प्रत काढली, 1925 सालीं सुखटणकर संपादक झाले, आणि 1933 सालीं आदिपर्व पुरें झालें. शेवटचा खंड बाहेर पडून आवृत्ति पूर्ण झाली ती 1966 सालीं. 1259 हस्तलिखितांचा उपयोग ज्या कार्यांत झाला, तें ज्या विनंतीनें सुरू झालें ती एका चित्रकारानें केली होती, ही गोष्ट आमच्या संशोधकवर्गानें पुरेशी ध्यानांत घेतलेली नाहीं. त्यानें रामायण चितारलें, तें करतांना त्याला ‘खरा प्रसंग कोणता’ असा प्रश्न पडला असला पाहिजे, आणि दोन वर्षांनीं त्यानें भारताची खरी संहिता मागितली. हा कार्यकारणभाव आम्ही कागदोपत्रीं सिद्ध करीत नाहीं. पण 1916 नंतर 1918 येतें, हा क्रम आम्हांस निरर्थक वाटत नाहीं.

येथें चिकित्सकाचा पहिला आक्षेप ऐकून घेतला पाहिजे, कारण तो बिनतोड वाटण्याजोगा आहे. ‘प्राचीन नमुने’ म्हणजे कोणत्या काळाचे? प्राचीनता ही कांहीं एक कोठडी नव्हे. भारहुतचे कठडे इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या आसपासचे, सांचीचीं तोरणें त्यानंतरचीं. अजिंठ्याचीं नववें व दहावें हीं लेणीं सनापूर्वींचीं, तर सोळावें, सतरावें, पहिलें व दुसरें हीं पांचव्या शतकांतील, वाकाटक हरिषेणाच्या काळाभोंवतींचीं. भारहुतची यक्षी आणि अजिंठ्याची राणी यांच्या नेसण्यांत व केशरचनेंत जो फरक आहे तो पेशवाईंतील व आजच्या स्त्रियांच्या पेहरावांतील फरकाहून कमी नाहीं. अजिंठ्याचा मुकुट युधिष्ठिराच्या डोकीवर ठेवणें हा कालविपर्यासच, मग तो नऊवारी लुगड्यापेक्षां श्रेष्ठ कां मानावा?

आक्षेप बिनतोड वाटतो, तरी तो टिकत नाहीं, आणि न टिकण्याचें कारण खुद्द सुखटणकरांच्या उपोद्घातांत आहे. व्यासांच्या मुखांतून निघालेली मूळ संहिता आपण देत आहों असा दावा त्यांनीं कोठेंही केलेला नाहीं. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारें जेथवर मागें जातां येतें तेथवरची सर्वांत जुनी संहिता, एवढीच त्यांची प्रतिज्ञा. ही मर्यादा कोठें पडते? उच्चकल्पाच्या शर्वनाथाच्या सहाव्या शतकांतील ताम्रपटांत भारताचा शतसाहस्री संहिता म्हणून उल्लेख आहे, म्हणजे तोंपर्यंत ग्रंथ आपल्या विस्तृत रूपास पोंचला होता. संशोधित आवृत्ति आपल्याला गुप्त-वाकाटक काळाच्या दाराशीं नेऊन सोडते, युधिष्ठिराच्या दाराशीं नव्हे. मग त्या संहितेला शोभणारें चित्र युधिष्ठिराच्या काळाचें असावें असा आग्रह कां? ज्या काळांत भारताची ही संहिता वाचली व ऐकली जात होती त्या काळच्या माणसांनीं राजा, राणी, सभा, रथ कसे रंगविले याचा साक्षीदार अजिंठ्याच्या भिंतीवर आहे. सतराव्या लेण्यांतील विश्वंतर जातकाचा राजपुत्र आणि या संहितेंतील राजपुत्र हे एकाच श्रोत्याच्या कल्पनेंतले आहेत. तेव्हां बाळासाहेबांचा नमुना चुकीच्या काळाचा नव्हे; तो संहितेच्या काळाशीं जुळणारा आहे. त्यांनीं हें अनुमानानें जाणलें कीं सहजप्रेरणेनें, याचा निर्णय आम्ही करीत नाहीं.

वस्त्रांच्या बाबतींत शब्दांची साक्षही येथें घेतली पाहिजे, कारण चित्रकार ज्या भिंतीवरून नमुना घेतो ती भिंत मुकी असते. अमरकोशांत नेसण्याच्या वस्त्रास अंतरीय, परिधान, अधोंशुक आणि पांघरण्याच्या वस्त्रास प्रावार, उत्तरासंग, संव्यान अशीं नांवें दिलीं आहेत. म्हणजे सर्वसाधारण पेहराव दोन न शिवलेल्या वस्त्रांचा. पण त्याच कोशांत चोल व कूर्पासक हे शब्दही आहेत, आणि कालिदासाच्या ऋतुसंहारांतील थंडीच्या वर्णनांत कूर्पासक येतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील महाजनक जातकाची नर्तकी लांब बाह्यांचें शिवलेलें वस्त्र घालून नाचते आहे, आणि तिच्यासमोर बसलेल्या राणीच्या अंगावर तसें वस्त्र नाहीं. तेव्हां शिवण होतें, परंतु तें ऋतु, देश व दर्जा यांप्रमाणें वापरलें जाई, असा निष्कर्ष निघतो. सभापर्वांत द्रौपदी ‘एकवस्त्रा’ व ‘अधोनीवी’ आहे. या दोन पदांचा अर्थ ध्यानांत घेतला म्हणजे तिला चोळी, पदर व नऊवारी देणारीं सगळीं बाजारी चित्रें रद्द ठरतात. मात्र तीं पदें जशीच्या तशीं चितारलीं तर दुसरी अडचण उभी राहते. अजिंठ्याच्या भिंतीवर जें निर्मळ दिसतें तें विसाव्या शतकांतील छापील पानावर, आणि तेंही घरांतल्या मुलींनीं पाहावयाच्या पानावर, निर्मळ दिसेलच असें नाहीं. प्राचीन नमुना आणि अर्वाचीन मर्यादा यांच्या मधून बाळासाहेबांना वाट काढावी लागली. वाट काढतांना त्यांनीं मुकुट, केयूर, कटिसूत्रें, स्तंभ व आसनें यांत नमुन्याशीं अधिक इमान राखलें, आणि स्त्रियांच्या वस्त्रांत तें थोडें सैल सोडलें, असें आम्हांस दिसतें. जो चित्रकार प्रजेचा पालकही आहे त्याच्याकडून याहून वेगळें घडलें नसतें.

संशोधित संहितेनें चित्रकाराकडून काय काय काढून घेतलें, हा या विषयांतील सर्वांत मनोरंजक भाग आहे. भारताचें पहिलें चित्र कोणतें असें आपल्याकडील कोणत्याही शाळकरी मुलास विचारलें तर तो सांगेल : व्यास सांगताहेत आणि गणपति लिहीत आहे. आदिपर्वाच्या संशोधित संहितेंत हा प्रसंगच नाहीं. तो परिशिष्टांत गेला. लेखनिकांचें हें आराध्य चित्र लेखनिकांनींच मागाहून आंत घातलें, असा निवाडा हस्तलिखितांनीं दिला. दुसरें उदाहरण याहून कठोर आहे. 1944 सालीं एजर्टन यांनीं सभापर्व प्रसिद्ध केलें, त्यांत द्रौपदीनें श्रीकृष्णाचा केलेला धावा मूळ संहितेंतून खालीं उतरविला गेला. वस्त्र ओढलें जातें आणि त्यामागून वस्त्र येतच राहतें, कोण पुरवितें हें संहिता सांगत नाहीं. आतां चित्रशाळेपासून आजच्या दिनदर्शिकांपर्यंत या प्रसंगाचें जें चित्र आपण पाहतों त्याच्या वरच्या कोपऱ्यांत ढगांतून श्रीकृष्णाचा हात खालीं आलेला असतो, आणि सगळें चित्र त्या हातावर तोललेलें असतें. तो हात काढा. मग खालीं उरते ती एक स्त्री, आणि माना खालीं घालून बसलेले वृद्ध. कीर्तनाच्या उत्तररंगांत हा प्रसंग सांगतांना श्रीकृष्णाला वगळण्याची छाती कोणा हरिदासाला होईल? भाविक कीर्तनकार आणि ग्रंथशोधनाचा आश्रयदाता हे दोघे एकाच देहांत नांदत होते. आपणच मागवलेल्या आवृत्तीनें आपलींच आवडतीं चित्रें अप्रमाण ठरवावीं, असा योग चित्रकारांच्या इतिहासांत क्वचितच आला असेल. याबद्दल त्यांनीं संपादकांच्या कामांत ढवळाढवळ केल्याची वार्ता नाहीं. हस्तलिखितांचा निवाडा त्यांनीं मान्य केला, आणि हें त्यांच्या देणगीहून मोठें आहे असें आम्हांस वाटतें.

एवढें त्यांच्या बाजूनें बोलल्यावर दोषही स्पष्टपणें सांगितला पाहिजे. तो नमुन्यांत नाहीं, हातांत आहे. चित्रसूत्रांत म्हटलें आहे कीं आचार्य रेखेची प्रशंसा करतात, जाणते वर्तनेची म्हणजे छायेच्या उठावाची, स्त्रिया भूषणांची आणि इतर जन रंगसमृद्धीची. बाळासाहेबांच्या चित्रांत भूषणें आहेत, रंग आहेत, वर्तना तर भरपूर आहे. रेखा मात्र दुबळी आहे. अजिंठ्याच्या चित्रकारानें एका वळणदार रेषेंत खांदा, बाहु व मनगट यांचा भार आणि मनांतील खेद एकदम सांगितला. बाळासाहेब तोच खांदा छायाप्रकाशानें गोल करतात, उजेड एका बाजूनें पाडतात, आणि खेद दाखविण्याचें काम चेहऱ्यावर सोंपवितात. मुकुट अजिंठ्याचा, पण त्याखालचें मस्तक मुंबईच्या कलाशाळेंतील प्लास्टरच्या पुतळ्यांवरून अभ्यास केलेल्या परंपरेचें. पाठ जुना, अक्षर नवें.

या ठिकाणीं आमच्याशीं वाद घालणारा म्हणेल कीं, सुखटणकरांनीं तरी काय केलें? काश्मीरचा शारदा लिपींतील पाठ त्यांनीं प्रमाण मानला आणि तो मुंबई वळणाच्या नागरी टाइपांत छापला. लिपि बदलल्यानें संहिता बिघडत नाहीं, तर छायाप्रकाशाच्या लिपींत अजिंठा लिहिला म्हणून काय बिघडलें? युक्तिवाद चतुर आहे, पण दृष्टान्त सर्वांगीं जुळत नाहीं. लिपि हें संहितेचें बाह्य वाहन आहे, शब्द शारदेंतून नागरींत जसाच्या तसा उतरतो. चित्रांत रेखा हें वाहन नसून शब्दच आहे. अजिंठ्याचें चित्र छायाप्रकाशांत उतरविणें हें लिप्यंतर नव्हे, भाषांतर आहे, आणि भाषांतरांत जें हरवतें तें येथें हरवलेलें आहे. बाळासाहेबांना हा दोष दिसला नसेल असें नाहीं, परंतु त्यांच्या पिढीचा हात ज्या शाळेंत वळला ती शाळा वेगळी होती. याच शाळेच्या विद्यार्थ्यांनीं ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं 1872 पासून दहा-बारा वर्षें अजिंठ्याच्या प्रती केल्या, त्यांतील पुष्कळ पुढें आगींत गेल्या. आणि अजिंठ्याच्या इतक्या निकट राहूनही मुंबईच्या चित्रकारांची रेषा बदलली नाहीं. उलट लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर 1909 ते 1911 च्या दरम्यान तेथें गेलेल्या नंदलाल बसूंची बदलली. अजिंठा मुंबईला जवळ व कलकत्त्याला दूर, पण फळ उलट आलें. मुंबईकर त्या भिंतींकडे पुराव्याच्या दृष्टीनें पाहत होते आणि बंगाली मंडळी गुरूकडे पाहावें तसें पाहत होती, हें त्याचें कारण आम्ही समजतों. बाळासाहेबही पुरावा पाहणाऱ्यांतलेच. म्हणूनच ते ग्रंथशोधनाला जवळचे आणि शुद्ध चित्रकलेला थोडे दूरचे.

मात्र त्यांच्या हाताच्या मर्यादेवरून डोळ्याची मर्यादा ठरवूं नये. औंधास यमाईच्या डोंगराच्या उतरणीवर 1938 सालीं त्यांनीं उभारलेलें भवानी चित्रसंग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना हें सांगावें लागणार नाहीं. तेथें रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, पाश्चात्य मातब्बरांच्या प्रतिकृति आहेत, संस्थानचे शिल्पी पांडोबा पाथरवट यांनीं घडविलेले कालिदासाचे षड्ऋतु आहेत, आणि या सर्वांत हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची माय-लेंकराची पाषाणमूर्ति आहे. जिच्यांत सादृश्याचा लवलेश शोधावा लागतो अशी ही मूर्ति, ज्याच्या स्वतःच्या कुंचल्याला सादृश्य सोडवत नव्हतें त्याच्या संग्रहांत नांदते आहे. स्वतःला जें साधलें नाहीं तें दुसऱ्याच्या हातून झालें तर त्याला आपल्या घरीं जागा द्यावी, हा गुण संग्राहकांत वाटतो तितका सुलभ नाहीं. आमच्या पोथीसंग्राहक मित्रांना हें अधिक सांगावयास नको.

त्याच औंधांत आणखी एक चित्रकार उलट दिशेनें चालला होता. श्रीपाद दामोदर सातवळेकर हे मुंबईच्या कलाशाळेंत तयार झालेले, हैदराबाद व लाहोर येथें चित्रकलेवर उपजीविका केलेले गृहस्थ. ते औंधास येऊन राहिले, कुंचला मागें पडला आणि स्वाध्याय मंडळाच्या द्वारें वेदसंहितांचें मुद्रण व महाभारताचें भाषांतर हें त्यांचें जीवितकार्य झालें. एक चित्रकार ग्रंथांकडे वळला, आणि ग्रंथांचा आश्रयदाता चित्रें काढीत राहिला. दोघांच्या मुळाशीं एकच ओढ होती असें आम्ही मानतों. कथा खरी असली पाहिजे, आणि ती सामान्य माणसाच्या हातीं पडली पाहिजे. बाळासाहेबांना चित्र हें दिवाणखान्याचें भूषण म्हणून कधींच नको होतें. नमस्कार, कीर्तन व चित्र हीं त्यांच्या दृष्टीनें लोकशिक्षणाचीं तीन साधनें होतीं, आणि आटपाडीजवळ भिंतीवांचून तुरुंग वसविणारें स्वतंत्रपूरही त्याच वृत्तींतून निघालें. त्यांच्या पुरुषपात्रांचे देह कमावलेले असतात यांतही नमस्काराचा वांटा असावा. लोकशिक्षणाची ही बाजू कलेला नेहमींच पोषक ठरते असें नाहीं. कित्येक चित्रांत प्रसंग इतका स्वच्छ सांगितला आहे कीं पाहणाऱ्यास स्वतःचें असें कांहीं करावयास उरत नाहीं. परंतु याच संस्थानच्या मातींत वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनीं 1955 सालीं गीतरामायण रचलें, तेव्हां रामकथा प्रसंगाप्रसंगानें, पात्राच्या मुखानें, सामान्य श्रोत्यास समजेल अशी मांडण्याची रीति तिकडच्या मुलांनीं लहानपणीं पाहिली व ऐकली होती, हें विसरून चालणार नाहीं.

आतां संग्राहकांस दोन शब्द. हस्तलिखितांच्या याद्या करतांना आपण पत्रसंख्या, पंक्ति, लिपि, शक व लेखनिकाचें नांव नोंदवितों, आणि चित्रें असलीं तर ‘सचित्र’ एवढें एकच पद लिहून मोकळे होतों. यापुढें पात्रांच्या अंगावर काय आहे तेंही नोंदवावें : पागोटें कीं मुकुट, अंगरखा कीं उघडें अंग, लुगडें कासोट्याचें कीं बिनकासोट्याचें, आणि वस्त्रहरणाचें चित्र असेल तर त्यांत श्रीकृष्ण आहे कीं नाहीं. शक नसलेल्या पोथीचा काळ ठरविण्यास अशी नोंद अक्षराच्या वळणाइतकीच उपयोगी पडेल. संशोधित आवृत्तीच्या खंडांची पुन्हां बांधणी करून घेतांना बांधणारे चित्रपत्रें पुढेंमागें करतात किंवा गाळतात, तेव्हां पुस्तक परत घेतांना तीं मोजून घ्यावीं. चित्ररामायणाच्या 1916 च्या छापाची मूळ क्रमांतील व अखंड प्रत पाटण, कऱ्हाड, खटाव वा आटपाडी या बाजूस कोणाच्या घरीं असल्यास त्यांनीं चित्रांचा अनुक्रम उतरवून या त्रैमासिकाकडे पाठवावा. पानांच्या वरच्या कडेस कोणी हातानें कांहीं लिहिलें असेल तर तेंही अक्षरशः उतरवावें.